बारा घरांची तबकडी

मी एक तबकडी आहे. पूजेची नव्हे आणि जेवणाचीही नव्हे. परातीएवढी मोठी, पत्र्याची, गोठ्याच्या भिंतीवर टांगलेली. कुठली गाय ठेवायची आणि कुठली विकायची, हे एके काळी माझ्याकडे बघून ठरत असे. आता मी नाशिकजवळ मखमलाबादच्या एका घरामागे पाण्याच्या पिंपावर झाकण होऊन पडले आहे. पिंपावर बसून दिवसभर दुसरं काय करणार? जुनं आठवत राहते.

माझा जन्म सातपूरचा. तिथल्या एका लहानशा वर्कशॉपात जाड पत्र्यातून मोठे गोल कापून काढत. मी कापली गेले ती जरा तिरकी. साहेबांनी मला हातात घेतलं, डोळा बारीक करून पाहिलं आणि भंगाराच्या ढिगावर टाकलं. जन्माला येऊन घटकाही झाली नव्हती, तोच मी टाकाऊ ठरले.

तिथे ज्ञानेश नावाचा फिटर होता. शिफ्ट सुटल्यावर तो ढिगापाशी आला आणि मला उचलून म्हणाला, "साहेब, हा गोल घरी नेऊ का?"

"ने की. भाकरी थापणार का त्याच्यावर?"

"भाकरी नाय साहेब, भांडण मिटवायचंय घरातलं."

साहेब हसले. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं. टाकून दिलेल्या पत्र्याकडून कुणी एवढी मोठी अपेक्षा ठेवली होती.

घरातलं भांडण गाईंचं होतं. ज्ञानेशचा थोरला भाऊ सहादू मळ्यात फुलं करायचा. झेंडू, शेवंती, गुलछडी, अबोली. पहाटे टेम्पोत करंड्या भरून नाशिकच्या फुलबाजारात जायचा. जोडीला गोठ्यात चार संकरित गाई होत्या. त्यांची नावंही फुलांचीच, मोगरी, शेवंती, गुलछडी आणि अबोली. गोठा पाहायची ती सहादूची बायको, नवसाबाई. आईबापांना नवसानं झालेली, म्हणून हे नाव, आणि तिनंही ते नाव जन्मभर खरं केलं. चतुर्थी, एकादशी, सोमवार, हरतालिका, तिचा एक उपास सुटेपर्यंत दुसरा दाराशी आलेला असे.

गाय वेळेवर गाभण राहिली नाही, की गोठ्यात वाद सुरू व्हायचा. भाकड गाय खायला दुभत्या गाईइतकंच खाते आणि देत काहीच नाही. सरकी पेंड, कडबा, सगळं पाण्यात. सहादू म्हणायचा, विकून टाकू. नवसाबाईचे डोळे भरून यायचे आणि गाय राहायची. पुढच्या खेपेला सहादूचं डोकं तापलेलं असायचं आणि चांगली तरणी गाय रागाच्या भरात जायची.

ज्ञानेश एकदा जेवताना म्हणाला होता, "वहिनी रडल्या की गाय राहते, दादा चिडला की गाय जाते. हा काय हिशोब झाला?"

"मग तू कर तुझा हिशोब," सहादू म्हणाला. "मशीन आण एखादं, सातपूरहून."

ते मशीन म्हणजे मी.

ज्ञानेशनं मला पांढरा रंग दिला. कडेनं बारा भोकं पाडली, बारा महिन्यांची बारा घरं. मध्यभागी एक काटा बसवला, हातानं फिरवायचा. काटा ज्या घरात, तो चालू महिना. मग प्रत्येक गाईची एकेक लाकडी खुंटी केली आणि त्या त्या फुलाच्या रंगात रंगवली. अबोलीच्या खुंटीचा रंग जमेना, तर तांबड्यात पिवळा आणि पांढरा मिसळून त्यानं दोन संध्याकाळी घालवल्या.

आधी त्यानं घरांवर जानेवारी, फेब्रुवारी असं लिहिलं होतं. नवसाबाई मला बराच वेळ न्याहाळत उभी राहिली.

"भाऊजी, हे जानेवारी-फेब्रुवारी कधी येतं नि कधी सरतं, मला नाय समजत. चैत्र समजतो. श्रावण समजतो. गोठ्यात मी असते ना? मग माझ्या महिन्यांनी लिहा."

सासूबाई फुलाबाई ओट्यावर फुलांच्या माळा ओवत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लिही बाबा, पंचांगच टांग गोठ्यात. गाया तिथी बघून माजावर येतील आता."

ज्ञानेशनं सगळं खरवडून पुन्हा रंगवलं. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. मला तो बदल फार आवडला होता. माझ्यावर देवादिकांचे महिने आले असं वाटलं.

माझा नियम सोपा होता. डॉक्टरांना बोलावून गाय फळवली, की तिची खुंटी त्या महिन्याच्या घरात लावायची. तिथून काटा तीन घरं पुढे गेला, की गाभण आहे का ते तपासून घ्यायचं. सात घरं झाली की दूध आटवायचं. आठव्या घराला गाय विकायची असेल तर विकावी, कारण भरल्या पोटाच्या गाईला बाजारात चांगला भाव येतो आणि गाडीतून न्यायला अजून भीती नसते. नवव्या घरात गाय जागची हलवायची नाही. हे सगळं ज्ञानेशनं माझ्या पोटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. आणि एक मोठा नियम होता. गाय फळवूनही राहिली नाही, उलटली, की खुंटीवर एक पांढरी रेघ ओढायची. तीन रेघा झाल्या की ती गाय पुढे राहिली काय नि न राहिली काय, घरात ठेवायची नाही. दुधापेक्षा तिचा चाराच जास्त व्हायचा, असं दूध डेअरीच्या डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं होतं.

सत्त्याण्णव सालच्या पाडव्याला मला भिंतीवर टांगलं. नवसाबाईनं मला हळदकुंकू वाहिलं आणि काटा चैत्राच्या घरात ठेवला. तेव्हापासून अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळ करून, धार काढायच्या आधी ती माझ्यासमोर यायची आणि काटा एक घर पुढे करायची. कधी विसरली नाही. उपासाच्या बाईला अमावास्या सांगावी लागत नाही.

पहिल्याच वर्षी शेवंती गाय तीन रेघांना आली. नवसाबाई काही बोलण्याआधीच सहादूनं माझ्याकडे बोट दाखवलं. "मी नाय म्हणत गं. तबकडी म्हणती."

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा ऐकलं. माणसं ठरवतात स्वतःच, पण दोष टांगायला त्यांना भिंतीवर काहीतरी लागतं. मी ते काम निमूट केलं. शेवंती गेली, घरात भांडण झालं नाही, आणि त्या रात्री सगळे नीट जेवले. मला वाटलं, मी चांगली वस्तू आहे.

दुसऱ्या वर्षी गुलछडीला तीन रेघा झाल्या. त्या वेळी नवसाबाई गव्हाणीशी उभी राहून हमसून रडली. सहादूनं दोर हातात घेतला होता, तो त्यानं पुन्हा खुंट्याला बांधला.

"बरं, ऱ्हाऊ दे. एक डाव बघू."

त्या डावात गुलछडी राहिली आणि तिला सुरेख कालवड झाली. ज्ञानेश म्हणाला, "वहिनींनी तबकडीला हरवलं." नवसाबाई पदर तोंडाला लावून हसली. मी हरले त्याचं मला काही वाटलं नाही.

आता अबोलीचं सांगते. ती मोगरीची कालवड, ह्याच गोठ्यात जन्मलेली. जन्मली तेव्हा उभी राहीना, म्हणून नवसाबाईनं तिला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीजवळ घेतलं होतं. मोठी झाली तरी नवसाबाई गोठ्यात आली की ती मान लांब करून तिच्या पदराचं टोक चघळायची. तिचा प्रत्येक पदर एका कोपऱ्यात विरलेला होता. पहिल्या वेताला अबोलीला खोंड झाला, दूध बेताचं दिलं, आणि पुढे ती उलटतच राहिली. एक रेघ, दुसरी रेघ, तिसरी रेघ.

"आता एकदाच," सहादू म्हणाला. "राहिली तर आठव्या घरात घोटीच्या बाजाराला नेऊ, दोन पैसे तरी बरे मिळतील. नाय राहिली तर तशीच नेऊ. पण ठेवायची नाय."

माघातल्या गणेशजयंतीला डॉक्टर येऊन गेले. नवसाबाईला उपास होता. तिनं अबोलीची खुंटी माघाच्या घरात लावली आणि माझ्यासमोर हात जोडून हळूच म्हणाली, "वसुबारसेला हिची पाडसासकट पूजा करीन. तोवर गूळ सोडला." देवाला तिनं बाकी काही मागितलं नाही. पण मला कळलं. पाडस पायाशी असलेली गाय वसुबारसेला पुजली, की सहादूला ती विकवणार नाही, असं तिच्या मनात होतं.

तीन घरांनंतर डॉक्टरांनी तपासलं. अबोली गाभण होती.

त्या वर्षी, नव्व्याण्णव साली, ज्येष्ठ अधिक आला. नवसाबाईचा आनंद काय सांगू? अधिक महिना म्हणजे पुरुषोत्तमाचा महिना. ती पहाटे सहादूच्या टेम्पोतून फुलांच्या करंड्यांच्या मध्ये बसून रामकुंडावर जायची, स्नान करायची, परत येऊन धारा काढायची. रोज तुपाचा दिवा. नणंदेच्या यजमानांना तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं होतं. तिनं अनारसे केले, जाळी पडली की नाही ते फुलाबाईंना दाखवलं. स्वतः एक तुकडाही चाखला नाही, अनारशात गूळ असतो.

अमावास्या झाली. दुसऱ्या सकाळी ती नेहमीसारखी माझ्यासमोर आली. हात काट्यापर्यंत नेला आणि थांबली.

"पुढचाही जेठच की," ती म्हणाली. काट्याला हात न लावताच धार काढायला बसली.

काही चुकलं असं तिला वाटलं नाही आणि मलाही वाटलं नाही. ज्येष्ठाचं घर एकच होतं. दोन ज्येष्ठ त्या एकाच घरात राहिले. मला बारा घरं होती आणि तेरावा महिना म्हणून काही असतो, हे माझ्या पत्र्याला ठाऊकच नव्हतं.

पावसाळा गेला. श्रावणातले सोमवार, गौरी, नवरात्र. काटा घर घर पुढे जात राहिला. आश्विनात कोजागिरी झाली आणि सहादू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माघापासून बोटानं मोजत आला.

"आठवं घर. ह्या बाजाराला नेतो घोटीला."

नवसाबाई शेण भरत होती. तिनं वर पाहिलं नाही. "वसुबारस होऊ द्या की तेवढी."

"वसुबारसेला पाडस लागतं ना तुला? तबकडी काय म्हणती, कार्तिकात विणार. मग थांबून उपेग काय? दिवाळीनंतर नववं घर लागलं की हलवता नाय येणार. मग वेल्यावर पुन्हा तेच. दूध बेताचं, भाव पडलेला."

फुलाबाई गोठ्याच्या दारात आल्या होत्या. त्या अबोलीच्या मागून फिरून म्हणाल्या, "सहादू, कास बघ तिची. शिरा कशा तटतटल्यात. मला काही लांब नाय वाटत."

"कास भरली तर गिऱ्हाईक खूश होतंय, आई. आणि पहिल्यापास्नं मोजतोय ना आपण. तुला डोळ्यांनी दिसतं का नीट?"

आधी ह्या घरात गाईची कास बघत, तिची चाल बघत, ती कितीदा उठते-बसते ते बघत. मी आल्यापासून मला बघत.

नवसाबाई हात धुऊन माझ्याजवळ आली. तिनंही बोट ठेवून मोजलं. माघानंतर फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. आश्विनापर्यंत आठ. पुन्हा मोजलं. पुन्हा आठ. मग ती बाजूला झाली.

तिचा नवस त्या वर्षी पुरा व्हायचा नाही, असं मीच तिला सांगितलं. त्यानंतर तिनं सहादूला अडवलं नाही.

सकाळी अबोली टेम्पोत चढेना. नवसाबाई पुढे झाली, तिच्यापुढे पदर धरला, आणि अबोली त्या पदरामागं मुकाट चढली. टेम्पो आग्रा रोडनं घोटीकडे गेला. मी गोठ्यातच होते, वाटेत काय झालं ते नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. विल्होळीच्या पुढे अबोली टेम्पोत आडवी झाली. जागा अपुरी, गाडीला हिसके, उतरवून घ्यायला कुणी नाही. वासराचे मागचे पाय आधी आले. रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा करून सहादू आणि ड्रायव्हर जे जमेल ते करत होते.

दुपारी टेम्पो परत आला. अबोली जिवंत होती. वासरू गोणपाटात होतं. कालवड होती, अबोलीसारखीच, कपाळावर पांढरा टिळा.

डॉक्टर आले, अबोलीला सुया दिल्या, हात धुतले. "केव्हा फळवली होती हिला?"

"माघी चतुर्थीला," नवसाबाई म्हणाली. अबोलीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं. "गणेशजयंतीचा उपास होता मला."

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. "अहो, मग नऊ महिने भरून वर दिवस झाले हिचे. पुऱ्या दिवसांची गाय. गाडीत घातलीच कशी तुम्ही?"

सहादूनं माझ्याकडे हात केला. "आठवं घर हाय, डॉक्टर. तुम्ही मोजा."

डॉक्टर माझ्याजवळ आले. त्यांनी मोजलं, तर आठच. त्यांनी पुन्हा बोटांवर मोजलं, तर नऊ आणि वर दिवस. ते कधी माझ्याकडे पाहात, कधी आपल्या बोटांकडे.

"अधिक," नवसाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"यंदा दोन जेठ झाले. मी काटा हलवला नाय. दोन्ही जेठच होते ना. नि मला वाटलं, तो महिना देवाचा असतो."

मोगरी तेवढी कडबा चावत होती. मग फुलाबाई बोलल्या. वासराकडे बघून जीव तुटत होता त्यांचा, म्हणून असेल.

"तेहतीस अनारसे बरोबर मोजलेस गं. एक महिना नाय मोजता आला?"

सहादू तिला काहीच बोलला नाही. तो बाहेर गेला आणि बाजारासाठी तोडून ठेवलेल्या झेंडूच्या ढिगाशी जाऊन बसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या रागाला ह्या घरात उत्तर होतं.

वसुबारस आली. दर वर्षी गल्लीतल्या बाया ह्याच गोठ्यात पूजेला यायच्या. त्या वर्षी त्या दुसऱ्यांच्या गाईकडे गेल्या, पाडस असलेल्या. नवसाबाईनं बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी केली, सगळं रीतीनं. संध्याकाळी तबक घेऊन एकटीच गोठ्यात आली. अबोलीच्या पायांवर पाणी घातलं, कपाळी कुंकू लावलं. पाडसाला लावायचं कुंकू बोटावर तसंच राहिलं. इकडेतिकडे पाहून तिनं ते पदराला पुसलं. अबोली त्याच पदराचं टोक चघळू लागली.

जर त्या दिवशी माझ्यावर नऊ घरं दिसली असती, तर अबोली गोठ्यातच राहिली असती, आणि ते कुंकू पांढऱ्या टिळ्याखाली लागलं असतं. मी भिंतीवरून दुसरा कसला विचार करणार?

दिवाळीनंतर, कार्तिकात, घोटीचा मंगळू व्यापारी दारात आला. बाजाराला येणार होती ती गाय आली नाही, म्हणून तो स्वतःच बघायला आला होता. त्यानं अबोलीचे दात पाहिले, कास चाचपली.

"वासरू गेलंय, सहादूभाऊ. भाव तसाच बसणार."

"बसू दे," सहादू म्हणाला.

त्यानं दोर सोडायला घेतला. नवसाबाई गव्हाणीपाशी उभी होती. सहादूला गाठ सुटेना. दावणीची ती गाठ तो रोज एका हातानं सोडायचा. मग त्यानं मंगळूला पाणी विचारलं. पाणी झालं. चहा झाला. मंगळू म्हणाला, "निघू का? ऊन चढतंय."

"काय गं," सहादूनं तिला विचारलं. "नेऊ द्यायची का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"तबकडीवर तीन रेघा आहेत हिच्या."

"हो."

"मग देऊ?"

ती मान खाली घालून उभी राहिली. डोळे कोरडे. सहादू थांबला, तिच्या तोंडाकडे पाहात राहिला. मंगळूनं दोर हातात घेतला तरी तो पाहातच होता. अबोली निघताना मान लांब करून पदर शोधू लागली. नवसाबाई एक पाऊल मागे सरली.

संध्याकाळी ज्ञानेश शिफ्टवरून आला. रिकामी दावण पाहून त्यानं दारातच विचारलं, "वहिनी रडल्या नाय?"

"नाय," सहादू म्हणाला. "मी वाट बघितली. एक टिपूस काढला असता ना तिनं, तर दोर सोडला नसता मी. मला वाटलं, तिलाच नको झाली."

कडब्याच्या गंजीपलीकडे नवसाबाई उभी होती. दोघांना ती दिसत नव्हती, मला दिसत होती. ते गेल्यावर ती माझ्यापाशी आली. अबोलीची खुंटी उपटून तिनं मुठीत धरली.

"चूक माझी," ती मला म्हणाली. "मी कोणत्या तोंडानं रडू?"

आणि मग रडली. तेव्हा गाय विल्होळीच्या केव्हाच पुढे गेली असेल.

त्यानंतर काटा कुणी फिरवला नाही. तो कार्तिकात थांबला आणि तिथेच गंजला. घरात पुन्हा पहिल्यासारखं झालं, कुणाचं डोकं तापलं की गाय जायची. फक्त आता कुणी रडत नव्हतं, त्यामुळे राहायची कुणीच नाही. गुलछडी गेली, तिची कालवड गेली. मोगरी म्हातारी होऊन गोठ्यातच मेली. शेजारचे मळे बिल्डरांनी घेतले, हिरवा चारा मिळेना, आणि सहादूनं गोठ्यात फुलांच्या रिकाम्या करंड्या रचल्या. मला भिंतीवरून काढलं आणि पिंपावर ठेवलं. फुलाबाई गेल्या. जाण्याआधी त्यांनी नवसाबाईचा हात धरून म्हटलं होतं, "त्या दिवशी मी बोलायला नको होतं गं." नवसाबाई म्हणाली, "नाय हो आई, तुम्ही खरंच बोललात." त्यानं त्यांना आणखी वाईट वाटलं असेल.

आता दोन हजार सातचा ज्येष्ठ चालू आहे. आठ वर्षांनी पुन्हा अधिक ज्येष्ठच आला आहे. परवा नवसाबाईनं अनारसे तळले. अजूनही ती गूळ खात नाही.

काल ज्ञानेश घराचा दरवाजा दुरुस्त करायला आला. आता त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. दाराची बिजागरी बसवून झाल्यावर नवसाबाईनं मला पिंपावरून उचललं, पुसलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"भाऊजी, ड्रिल आणलंच हाय, तर हिला एक भोक पाडा."

"आता कशाला वहिनी? गाय कुठंय?"

"असू द्या. अधिकाचं भोक ऱ्हायलंय."

ज्ञानेशनं मला मांडीवर घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "पाडतो. पण कुठं पाडू? अधिक काय एका घरात बसतो का? कधी श्रावण, कधी आश्विन. दर खेपेला वेगळा."

"घरात नाय. काट्यात पाडा, टोकाशी. अधिक जिथं येईल तिथं काटा असणारच. त्याच्यात खुंटी दिसली की समजायचं, ह्या वर्षी एक जास्त मोजायचं."

ज्ञानेशनं काट्याच्या टोकावर बोट ठेवून पाहिलं. एवढं सोपं होतं ते. वर्कशॉपातल्या माणसाला सुचलं नाही, आणि बाईला सुचायला आठ वर्षं लागली.

"हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं, वहिनी."

"तेव्हा मला तोंड कुठं होतं, भाऊजी?"

त्यानं काट्याला तेल दिलं आणि टोकाशी भोक पाडलं. मला थोडं दुखलं, पण ते दुखणं हवंहवंसं होतं. नवसाबाईनं काटा धरला. तो करकरला, मग सुटला. तिनं तो ज्येष्ठाच्या घरात आणला. देव्हाऱ्यातून एक खुंटी आणली, अबोलीच्या रंगाची, तीन रेघांची, आणि त्या नव्या भोकात बसवली.

सहादू मागे कधी येऊन उभा राहिला, कुणाला कळलं नाही. आता त्याचे केस पिकले आहेत. त्यानं ताटलीतला एक अनारसा उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"आता तरी खा."

"वसुबारस होऊ द्या," ती म्हणाली.

गोठा रिकामा आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं अनारसा परत ताटलीत ठेवला. पण मग म्हणाला, "बघू. एखादी कालवड मिळती का, विचारतो कुणाला."

मिळेल की नाही, मला माहीत नाही. चारा नाही, जागा नाही, दोघांचे गुडघे दुखतात. माझा नियम लावला तर गाय आणणं परवडणारच नाही.

तुमच्यापैकी कुणी गोठ्याचा हिशोब मांडणार असाल, तर जरूर मांडा. मी त्याच्यासाठीच जन्मले आणि हिशोब वाईट नसतो, हे मी आजही म्हणेन. पण मोजून झालं की एकदा गाईच्या कासेकडे बघा. आणि दोर सोडण्याआधी घरातल्या बाईला विचाराल, तेव्हा ती 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाली, तर तेवढ्यावर थांबू नका. पुन्हा विचारा.

मला पुन्हा पिंपावर ठेवलं आहे. संध्याकाळी नवसाबाई अधिकाचा दिवा लावते, तो माझ्यावरच ठेवते. उजेड काट्याच्या टोकावर पडतो. ह्या खेपेला तो महिना मोजला गेला आहे.